काही करू नका, एवढंच म्हटलं होतं

...नाही, मला एवढंच सांगा, काही न करणं इतकं अवघड असतं का हो? नुसतं बसायचं. हात मांडीवर ठेवून. मी अख्ख्या गावापुढे हात जोडून एवढंच म्हटलं होतं, काही करू नका.

तुम्ही आमचा तलाव पाहिलेला नाही. झरी जामणीच्या जंगलात डांबरी रस्ता संपतो, त्याच्याही पुढे. तीन बाजूंनी सागवान, चौथ्या बाजूला आमचं गाव, पाण्यात टिबुकल्या बुड्या मारताहेत, फांदीवर खंड्या ध्यान लावून बसलाय, आणि मोबाइलला रेंज नाही. मी म्हटलं, अरे, या रेंज नसण्यासाठीच शहरातली माणसं पाठीवर सॅक टाकून येतील, काठावर तंबू ठोकून निवांत पडतील, आणि गावातल्या पोरांना गावातच काम मिळेल. तर आमचे बाबा, म्हणजे पुंडलिकराव, म्हणतात, "बीएस्सी कायले केली मंग? शांतता इकाले?" शेवटी तोड निघाली. पहिले पाहुणे पुन्हा यायला राजी झाले, तर प्रेरणा गावात राहील, नाहीतर पुण्याच्या कंपनीची नोकरी मुकाट्याने धरेल. प्रेरणा म्हणजे मी. म्हणजे माझं सगळं आयुष्य दोन परक्या माणसांच्या निवांतपणाला टांगलेलं, आणि त्यासाठी गावाने करायचं काय? काही नाही!

पाहुणे आले. कपिल आणि खुशी, पुण्याचे. फाट्यावर उतरून मुद्दाम चालत, पाठीवर सॅक, चेहऱ्यावर आनंद. वेशीवर विमलकाकू. "अवं माय, गाडी नाई भेटली काय लेकराईले? हमालावानी ओझं वागवत आले." मी म्हणते, काकू, त्यांना हौस आहे. "ओझ्याची कोनाले हौस असते वं?" झालं, सॅक ट्रॅक्टरमध्ये, आणि ट्रॅक्टरच्या धुराड्यामागे आम्ही तिघं रिकाम्या पाठीने.

तलावावर पोचतो तर... तलाव कुठाय? काठचं गवत खरवडून काढलेलं, लव्हाळं कापून ढीग केलेला, झाडांवर हॅलोजन, आणि पाण्याला पाठ करून लाल मांडव. अमरसिंगभाऊंचं बिछायत केंद्र आहे ना, लग्नाचे मांडव-गाद्या भाड्याने देण्याचं. "ताई, गवतात काय बसतेत पाहुने? इच्चूकाटा असते. हे गादी पाहा, एकाही लग्नात वापरली नाई अजून." काही करू नका म्हटलं, तर भाऊंना वाटलं मी संकोच करतेय.

तुम्हाला सांगते, चूक त्यांचीही नाही. आमच्या गावात बाहेरून दोन माणसं आली, की ती सोयरीक घेऊनच आलेली असतात. तेवढा एकच पाहुणचार गावाला येतो. मग पाय धुणं, टिळा, टोपी-दुपट्टा, रोडगे आणि वांग्याची भाजी, "घ्या ना बाप्पा, लाजता काहून" असं म्हणत चौथ्यांदा तूप, आणि तूप जिरावं म्हणून धुमाल पार्टी. धुमालचा पहिला ढोल पडला आणि खंड्या ध्यान सोडून जो गेला, तो गेलाच.

दुसऱ्या दिवशी खुशीने सॅकमधून तो जाळीचा झोपाळा काढला आणि मोहाच्या दोन झाडांमध्ये बांधला. मला हायसं वाटलं, पोरगी निदान तासभर पडेल. पण आमच्याकडे दोन झाडांमध्ये कापड बांधलं की त्याला झोळी म्हणतात, आणि झोळीत बाळ असतं किंवा यायचं असतं. विमलकाकूंनी झोळीकडे पाहिलं, खुशीकडे पाहिलं, आणि गावाकडे धावत सुटल्या. परत आल्या त्या नारळ, खण, तांदूळ आणि निम्म्या गावच्या बाया घेऊन. ओटी भरून होते न होते तोच मी ओरडले, काकू, त्यांचं लग्नच झालेलं नाही!

त्या दोन दिवसांतली तेवढीच शांतता. टिबुकलीची बुडीसुद्धा ऐकू आली.

मग काकू म्हणाल्या, "मंग होईल. त्यात काय."

निघताना मी मान वर केली नाही. मनातल्या मनात पुण्याची बॅग भरत होते. तर कपिल म्हणतो, "प्रेरणा, आम्ही पुढच्या महिन्यात परत येतोय." कशाला? "आमच्या दोघांच्या घरचे लग्नाचं नाव काढू देत नाहीत. तुमच्या गावाने काही न विचारता ओटी भरली. लग्न इथेच करू. हाच मांडव, हीच धुमाल. मित्रमंडळीच दोनशे होतील." खुशी रडत होती. काकू रडत होत्या. अमरसिंगभाऊ गाद्या मोजत होते. बाबा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "जितली वं पोरी तू."

जिंकले मी. आता जन्मभर गावात, तलावाकाठी. जनरेटर कुठे ठेवायचा, त्यावर रोज बैठक असते.

काल असह्य झालं, तेव्हा टेकडीवर चढून रेंज मिळवली आणि पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला. तिच्या समोरच्या घरात कोण राहतं, हे तिला अजून माहीत नाही. म्हटलं, दोन दिवस येऊ का गं, सॅक घेऊन? मला नुसतं पडायचंय.

ती म्हणाली, "अगं, ये ना! काय काय करू तुझ्यासाठी?"