फितीच्या आतली अळंबी

नाव : ग्रेगर हाउगन. वय : ४९. धंदा : झाडावर चढून तोडणी. राहणार : कॅलम बंदर, ब्रिटिश कोलंबिया.

ठाण्यात स्वतः हजर राहून जबाब देतो की, वरील पत्त्यावर मी, बायको आयला आणि सासरे ऊर्हो काल्लिओ असे राहतो. घर सासऱ्यांचे आहे. ते हे सांगायला कधी विसरत नाहीत, म्हणून मीही नोंदवून ठेवतो.

मी काम करतो त्या डोंगराला रस्ता नाही. उतार इतका उभा की यंत्राचे सोडाच, जेवणाचा डबा ठेवला तरी खाली घरंगळतो. म्हणून आमचे लाकूड हेलिकॉप्टरने निघते. निवडलेल्या झाडावर आम्ही चढतो, फांद्या उतरवतो, शेंडा कापतो. मग बुंधा करवतीने जवळजवळ पूर्ण कापून थोडे लाकूड मुद्दाम शिल्लक ठेवतो. झाड उभेच राहते. हेलिकॉप्टर लांब दोराला लोखंडी पंजा लटकवून येते, झाड वरून धरते, बुंध्याशी मोडून तसेच उभे उचलते आणि खाडीच्या पाण्यात नेऊन सोडते. कापल्यापासून उचलेपर्यंत अशा झाडांच्या पट्ट्यात कोणी पाऊल टाकायचे नाही, कारण पंखांच्या वाऱ्यानेसुद्धा शेजारचे कापलेले झाड आडवे होते. पट्ट्याभोवती आम्ही लाल फीत बांधतो. फितीच्या आत माणूस असेल तर हेलिकॉप्टर येत नाही.

घटनेच्या दिवशी दुपारनंतर मी तयार केलेला पट्टा उचलायचा होता. जेवताना आयलाचा निरोप आला की, बाबा पहाटे होडी घेऊन गेले ते परतलेले नाहीत. त्यांची होडी पलीकडच्या खाडीत बांधलेली सापडली होती आणि गावातली माणसे तिकडचे रान पालथे घालत होती. मी तिकडे जायला निघालो. आमचे व्यवस्थापक क्रँडल म्हणाले, "तिकडे शोधणारे रग्गड आहेत. तू तुझा पट्टा बघ."

इथे सासऱ्यांविषयी सांगणे भाग आहे. ते अळंबी काढतात. पिवळी, हेमलॉक झाडाच्या मुळाशी येणारी. जागा कुठली, हे त्यांनी पोटच्या पोरीलाही सांगितलेले नाही. आमच्याकडचे सगळेच अळंबीवाले असे. होडी एका खाडीत बांधायची, अळंबी दुसऱ्याच खाडीत काढायची, आणि कापलेल्या देठावर शेवाळ पसरून तळहाताने दाबून टाकायचे. लग्नानंतर मी एकदा जागा विचारली होती. तेव्हा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही वरून झाडं उपटणारी माणसं. तुम्हाला जमिनीवरचं काय कळणार?" त्यानंतर मी विचारले नाही. राग होता, तो गिळला.

झाडे उचलण्यापूर्वी पट्टा तयार करणाऱ्याने फितीच्या कडेने एक फेरी मारायची असते. ती मारताना आत, हातभर अंतरावर, शेवाळाचा एक तुकडा मला वेगळा दिसला. उचलला. खाली पिवळे देठ होते, कापलेले, अजून ओले. त्याच वेळी खाडीवरून हेलिकॉप्टरचा आवाज येऊ लागला.

रेडिओ माझ्या खांद्याला होता. पण त्या रेडिओवर अख्खी खाडी कान लावून बसलेली असते, कोळी, शोधणारे आणि बाकीचे अळंबीवाले. सासरे इथे आहेत असे बोललो असतो, तर संध्याकाळपर्यंत प्रत्येक टोपलीला जागा कळली असती. मी फीत ओलांडून आत गेलो आणि वैमानिक बेव स्टोक्स यांना कळवले :

"बेव, येऊ नकोस. मी फितीच्या आत आहे."

"आत? काय करतोयस?"

"उभा आहे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंय म्हण. पण येऊ नकोस."

बेव एका शब्दाने वाद न घालता पाण्यावर वळल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. क्रँडल रेडिओवर ओरडत होते, "कारण सांग! हाउगन, कारण!" मी कारण सांगता येत नाही असे म्हणून रेडिओ बंद केला.

मग हाका मारल्या. उत्तर नाही. स्वतः कापलेल्या झाडांखाली मी कधी थांबत नाही. वारा सुटला होता आणि वर कुठेतरी लाकूड करकरत होते. मला भीती वाटली, आणि ती त्यांच्यासाठी वाटली, याचे मलाच नवल वाटले. शेवटी सुचले म्हणून ओरडलो, "बाबा, मी एकटाच आहे!"

"नक्की एकटा?" एका जुन्या देवदाराच्या मागून आवाज आला.

त्यांचा पाय मुळांत अडकून घोटा मोडला होता. शेजारच्या उतारावरची झाडे उचललेली त्यांनी सकाळभर ऐकली होती.

"ओरडायचं नाही का?"

"ओरडलो असतो तर सगळे आले असते."

"आणि ती फीत? ती दिसली नाही?"

"दिसली की. माझ्याच जावयानं बांधलेली. ती मला काय अडवणार?"

मी त्यांना पाठीवर घेतले. अळंबीची बादली त्यांनी सोडली नाही. खाली उतरेपर्यंत ती माझ्या छातीवर आपटत होती.

"यातली तू कापलेली कुठली?" त्यांनी कानाशी विचारले.

"सगळीच."

"नीट कापलीस ना?"

"उभी आहेत ना अजून?"

थोडे खाली आल्यावर म्हणाले, "म्हणजे आता इथलं संपलं." मी सांगितले, "नाही, बाबा. खुणेची तेवढीच जाणार. रस्ता नाही, यंत्र नाही, माती हलत नाही. तुमची मोठी हेमलॉक राहणार." आम्ही फितीबाहेर आलो. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी बघायला येऊ. दोघं."

ते किनाऱ्यावर सापडले, एवढेच मी सर्वांना सांगितले. क्रँडल यांनी कारण मागितले, ते दिले नाही. त्यांनी मला कामावरून उतरवले आणि मुद्दाम काम अडवल्याची तक्रार इथे दिली. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्यांच्या जागी मीही तेच केले असते.

हा जबाब मी देणार नव्हतो. आज सकाळी कॉफीच्या वेळी सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चल ठाण्यात. नोकरी घालवायची नाही. पट्टा सांग. झाड सांगू नकोस." आयला त्यांच्याकडे बघतच राहिली. आयुष्यभर सांभाळलेल्या जागेचे अर्धे गुपित त्यांनी माझ्यासाठी उघड्यावर टाकले. मला फार बरे वाटले. हे कागदावर शोभत नसेल, तरी लिहून घ्यावे.

तर, पट्टा तक्रारीत आहे तोच. तो किनाऱ्यापासून कड्यापर्यंत जातो. आत नेमके कुठे, हे मला माहीत आहे आणि मी सांगणार नाही. हवालदारबाईंनी तेच तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा त्यांच्या आईही अळंबी काढतात याची मी नम्रपणे आठवण करून दिली. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला.

पुढचा प्रश्न होता, तक्रार काही आहे का. कोणाविरुद्धही नाही.

सासरे बाहेर बाकावर पाय लांब करून बसले आहेत आणि दार उघडे ठेवायला त्यांनीच सांगितले आहे. माझ्या विनंतीवरून हा जबाब त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचण्यात आला. बरोबर आहे का, असे बाईंनी मला विचारले.

मी तोंड उघडण्याआधी बाहेरून आवाज आला, "बरोबर आहे. सही कर, बाळा."

सही केली आहे.