करडीले डॉक्टरीन पाहाले गेलो

...आता तुमीच सांगा, याच्यात माही काय चूक झाली? साठ वर्सं माग चालवलेला मानूस मी! आंधळगावात माल पारखाची गोष्ट निघाली का लोकं म्हनतात, जागेश्वरले बलावा! लुगडं हातात घेतलं, काठ उलटून पाहिला, का कोन्या घरचा माग, मधी धागा कुठी तुटला अन् कोनं लपवून जोडला, सारं सांगतो! अन् तब्येत म्हनाल, त पंच्याहत्तरीत बत्तीसच्या बत्तीस दात हायेत माहे! बत्तीस! या, मोजून घ्या! ...म्हंजे पाच हिरडीतले, बाकीचे कवळीतले. हसता काहून गा? बत्तीस भरले ना? कवळी कोनं केली, थे मंग सांगतो. आधी माही तक्रार आयका.

तुमाले सांगतो, माही नातीन हाय खुशबू. वर्ग तिसरा. पोट्टी दिवसभर बोलते, झोपेत बोलते, शाळेत बाई बोलून राहिली त तिच्यावरून बोलते. मागच्या साली तिची उजवी दाढ दुखली, नेली एका दाताच्या डॉक्टरकडं. गावाचं नाव नाई सांगत, दुकान बंद झालं आता. बोर्ड एवढा मोठा, एवढा मोठा, का बोर्डामागं दुकानच दिसे ना! दुखे उजवी दाढ, अन् पठ्ठ्यानं खोदली डावी! पोट्टी बोंबलून राहिली, 'ही नाई, थे! थे!' अन् हा म्हनते, 'बेबी, डॉक्टर तू हायेस का मी?' आता घ्या! मंग माह्या सुनेनं, मोनिकानं, शोध काढला, त कळलं का दुसऱ्या जिल्ह्यात त्याच्यावर तक्रारी झाल्या होत्या, डॉक्टर लोकाईच्या कौन्सिलनं सहा महिने काम बंद ठेवलं होतं त्याचं, अन् हा बाप्पा तथीचा बोर्ड उचलून इकडं आला! अन् असा डॉक्टर निवडला कोनं म्हनता?

...मीच. बोर्ड पाहून. आता बोर्ड काय उलटून पाहाची चीज हाय?

तवापासून खुशबूनं डॉक्टरपुढं तोंड उघडाचं नाव टाकलं. त्याच्यात मी काय केलं, गंमत म्हनून, फक्त गंमत म्हनून बरं का, चुलीजवळची सांडशी उचलली अन् तिले म्हनलं, 'पाय, नवीन डॉक्टर याच्यानं काढते.' झालं! पोट्टीनं असा जबडा आवळला का दूध पाजाले चमचा जाये ना! मोनिका मले म्हने, 'मामाजी, तुमाले लेकरू हाय का खेळनं?' मी म्हनलं, 'बेटा, गंमत केली.' 'थे गंमत आता तुमीच काढा तिच्या तोंडातून!'

अन् या साली थेच उजवी दाढ पुन्हा उठली. गाल आलूबोंड्यावानी! चिवडा नको, भात नको, अन् सगळ्यात वाईट काय सांगू, बोलनंच बंद. तुमाले खरं सांगतो, हासी मजाक सोडून सांगतो, पोट्टी चूप झाली त घर कसं झालं मालूम? माग बंद पडल्यावर खोली होते ना, तसं. खटखट नाई, काई नाई. मले घास जाये ना. कवळी असून जाये ना!

मोनिका अंगनवाडीत हाय, शिकलेली हाय. थे म्हने, 'मामाजी, तुमसरले डॉक्टर हर्षा म्हनून हायेत, लेकराईचे दात पाहतात. पन यावेळी आधी नोंद पाहाची. नोंदणीचा नंबर घ्याचा, कौन्सिलच्या यादीत नाव हाय का पाहाचं, अन् कधी काई कारवाई झाली का, थे फोन करून विचाराचं. दुपारी सुटली का मी करतो.'

मी म्हनलं, 'नंबर? नंबर त ट्रकलेबी अस्ते! नंबरावरून समजते का, डायवर पेते का नाई पेत? डॉक्टरीनचं गाव कोनतं?' म्हने, 'करडीच्या हायेत म्हनतात, पन मामाजी तुमी...' मी दुपट्टा खांद्यावर टाकला. आपन त उलटून पाहूनच घेतो, बाप्पा!

निघता निघता खुशबूनं वहीचा कागद हातात देला. बोलता येये ना, म्हनून लिवलं होतं. मी चौथीपर्यंतच शिकलो, तथी मास्तरनं मले सोडलं का मी मास्तरले, याच्यावर अजून वाद हाय, पन तेवढं वाचता आलं. लिवलं होतं, 'आबाजी नीट पाहून या. मग मी तोंड उघडीन.'

आता एवढा भरोसा माह्यावर अजूनपर्यंत कोनं टाकला होता गा? बायकोनं बी नाई!

तर दोन गाड्या बदलून करडीले उतरलो. आता मानूस पाहाची एक रीत अस्ते का नाई? सोयरीक जोडताना आपन काय करतो? डायरेक्ट घरी जातो का? नाई! आधी पानठेल्यावर जाचं, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटेपर्यंत गोष्टी काढाच्या, मंग शेजारनीले पानी मांगाचं. घरचा मानूस काठ दाखवते, शेजारीन उलटी बाजू दाखवते! अन् लिवाची मले सवय नाई, म्हनून दुपट्ट्याले गाठ माराची. मागावर बसून तेच शिकलो, गाठ. जेवढे दोष तेवढ्या गाठी. घरी जाऊन मोजाच्या. याच्यापेक्षा पक्की नोंद कोन्या कौन्सिलजवळ हाय, सांगा!

पानठेल्यावर इचारलं, 'काय गा, थे डॉक्टरीन हर्षा, पोरगी कशी हाय?'

थो ठेलेवाला मले खालून वर पाहून राहिला. 'कुठचे पाव्हने?'

'आंधळगावचे.'

'अस्सं अस्सं! बसा ना! पोरगी म्हंजे सोनं हाय, काका!'

'सोनं राहू दे. कोनाची काई तक्रार?'

तो खर्रा घोटता घोटता थांबला. 'एक हाय. तिसरीत असताना एका पोट्ट्यानं हिची पेन्सिल चोरली, त हिनं पाटी हानली. दात पडला त्याचा.'

म्हंजे पाहा! तिसरीपासूनच दात काढून राहिली! मारली गाठ. एक.

मंग गेलो देवकाबाईकडं, थे डॉक्टरीनच्या घराची शेजारीन. पानी मांगितलं. बाईनं पानी देलं, पाट देला, अन् न इचारताच सुरू झाली, 'पोरगी गुनाची हाय हो भाऊ, चुलीचंबी समजते, फक्त च्यात साखर लय टाकते.' दाताची डॉक्टर अन् साखर लय टाकते! गिऱ्हाईक घरूनच तयार करते काय? गाठ दोन! 'अन् सुटीच्या दिवशी आठ-आठ वाजेपर्यंत झोपते.' गाठ तीन! आपन त उलटून पाहूनच घेतो, बाप्पा!

मी म्हनलं, 'बाई, अजून?' थे म्हने, 'बाकी तिच्या बापालेच इचारा,' अन् कुंपनावरून हाक मारली ना तिनं! 'ओ यादोराव भाऊ! आंधळगावचे पाव्हने आले, पोरीले पाहाले!'

आता तुमी म्हनसाल, तवाच काहून नाई सांगितलं? अहो, सांगनारच होतो! पन यादोराव, म्हंजे डॉक्टरीनचा बाप, धानाचा कास्तकार, भला मानूस, बांधीतून तसाच पळत आला, पायाले चिखल, अन् माह्या हाताले धरून घरात नेलं. सतरंजी टाकली. गावातले दोन बुढे येऊन बसले. आडनावं इचारली, त आपल्यातलेच निघाले, दुरून नातंबी लागलं! अन् तेवढ्यात पोहे आले. वरून चन्याची तर्री. आता पोहे आल्यावर मानूस बोलते का खाते? मी त खातो, बाप्पा!

यादोरावनं पोरीचे कागद काढले. डिग्रीची फोटू, फ्रेम केलेली. कौन्सिलच्या नोंदणीचा कागद, तोबी फ्रेम केलेला. मी काय करू? सवय! फ्रेम उलटून पाहिली. मांगं पालीची दोन अंडी होती. यादोराव लाजला, म्हने, 'साफ करतो, पाव्हने.' एक बुढा दुसऱ्याले हळूच म्हने, 'मानूस बारीक पाहनारा दिसते!' मी दुसरी प्लेट घेतली.

मंग यादोरावनं घसा साफ केला अन् इचारलं, 'तर मुलगा काय करते?'

मी म्हनलं, 'कोन्ता मुलगा?'

'आता... ज्याच्यासाठी पाहून राहिले, थो.'

'मुलगा नाई, नातीन हाय.'

यादोरावनं बुढ्याईकडं पाहिलं, बुढ्याईनं माह्या प्लेटकडं.

'नातीन?'

'आठ वर्साची. दाढ दुखून राहिली तिची. डॉक्टरीन चांगली हाय का नाई, थे पाहाले आलतो.'

एक बुढा असा हसला, असा हसला, का त्याले पाठीवर मारा लागलं. पन यादोराव हसे ना. लाल झाला. 'मंग पहिल्या प्लेटलेच काहून नाई बोलले?' मी म्हनलं, 'भाऊ, पोहे लय चांगले झालते.'

त्यानं प्लेट उचलून नेली ना! अर्धी होती!

अन् मले दारापर्यंत पोचवून, माह्यासमोर, माह्या तोंडासमोर पोरीले फोन लावला, 'हर्षा बेटा, एक बुढा येईन तुह्याकडं, आंधळगावचा, दुपट्ट्याले गाठी हायेत त्याच्या...'

घरी आलो. मोनिका दारातच. म्हनलं, 'पाहून आलो! तीन दोष हायेत, पन चालते.' थे म्हने, 'मामाजी, तुमी करडीवरून निघाले नसान तेवढ्यात माहं झालं. यादीत नाव हाय, नोंदणी चालू हाय, फोन करून इचारलं, कारवाई एकबी नाई. दहा मिनिटं लागले.' दहा मिनिटं! पन मी म्हनतो, दहा मिनिटात पालीची अंडी दिसतात का?

खुशबूले काई सांगाची गरजच नाई पडली. तिनं दुपट्टा हातात घेतला, गाठी मोजल्या, एक एक बोट लावून इचारलं डोळ्यानं, ही कायची? मी सांगितलं. पाटीची गोष्ट आयकून पोट्टीच्या डोळ्यात अशी चमक आली! तिले वाटलं, ही डॉक्टरीन त आपल्या पार्टीची हाय!

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमसरले गेलो तिघं. मी मोनिकाच्या मांगं, मोनिका खुशबूच्या मांगं. डॉक्टरीन म्हनाल त एवढीशी, चष्मा लावलेली, चूपचाप. मले पाहिलं. दुपट्टा पाहिला. अन् पोट्टीकडं वळली. मले वाटलं, वाचलो!

खुशबू खुर्चीवर बसली अन्... तोंड बंद. तसंच आवळलेलं. मोनिका म्हने, 'बेटा, आबाजीनं पाहिलं ना?' तरी नाई उघडलं. डॉक्टरीन म्हने, 'बरं, घाई नाई,' पन गाल पाहून तिच्या कपाळाले आठी पडली, म्हने, 'आज उघडलंच पाहिजे, आत पू झाला असणार.' मले आपलीच सांडशी आठवली. अन् खुशबूनं बोट उचललं, सरळ माह्याकडं. म्हंजे, आधी आबाजी.

आता काय करता? दुपट्टा खुशबूजवळ देला अन् चढलो खुर्चीवर! साठ वर्सं मागावर बसलो, पन असा घाम नाई फुटला! डॉक्टरीननं लाइट लावली, म्हने, 'आ करा, काका,' अन् दोन बोटं टाकून कवळीच काढली. काढली, अन् पाहून राहिली. अन् काय केलं मालूम? उलटून पाहिली! लाइटपुढं धरली, चष्मा वर केला, म्हने, 'काका, ही कोणी केली? वरचे दात वेगळ्याचे, खालचे वेगळ्याचे, एक तर सुपारीने घासलेला आहे... डॉक्टरचं नाव काय?'

मी 'फ फ फ' करून राहिलो! सांगू कसा, दात तिच्या हातात! अन् मोनिका, माही सून, घरची लक्ष्मी, म्हने, 'मॅडम, डॉक्टर नाही, मंडईत घेतली. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते ना गावाले, तथी एक मानूस छत्रीखाली बसला होता, गोधडीवर कवळ्या मांडून. मामाजीनं चार घालून पाहिल्या, जी बसली थे घेतली. नाव बी नाही इचारलं.'

चार नाई गा, सहा घालून पाहिल्या होत्या! पन सांगू कसा!

अन् खुशबू हसली. पयले नाकातून, मंग खांदे हालले, मंग अशी, अशी हसली पोट्टी, दोन्ही हात पोटाले, तोंड अख्खं उघडं, आठ दिवसानं उघडं! डॉक्टरीननं काई घाई नाई केली, म्हने, 'असंच हसत राहा,' अन् तिले खुर्चीत घेतली, आरसा टाकला, आधी इचारलं, 'कोणती? बोट लावून दाखव.' खुशबूनं दाखवली. उजवी. डॉक्टरीन म्हने, 'ही ना? नक्की?' अन् मंगच हात लावला. साफ केली, औषध भरलं, पोट्टी एकदा 'ऊं' म्हनाली, बस. अजून तीन डाव यायले सांगितलं. मोनिकानं डोळे पुसले. मी बी पुसनार होतो, पन दुपट्टा खुशबूजवळ होता.

कवळी अजून त्या स्टीलच्या थाळीत पडलेली, अन् खुशबू खुर्चीवरून उतरली, गालावर हात ठेवून गाठी सोडाले बसली. एक सोडली. दोन सोडली. तीन सोडली. दुपट्टा झटकला, माह्या खांद्यावर टाकला, अन् आठ दिवसानं पयल्यांदा बोलली, साऱ्या दवाखान्यासमोर, 'आबाजी, डॉक्टरबाईच्या पाटीलेबी तुमी गाठ मारली... त्या छत्रीवाल्याच्या किती मारल्या होत्या?'