लाल दोऱ्याची बाजू

बसमध्ये माझा जप चालला होता. पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर कागदात गुंडाळलेलं निवडुंगाचं रोप होतं.

"तुमच्या घरी जगेल ना गं? तुझ्या सासऱ्यांच्या हातचं आहे."

"जगेल, आई. कोरड्या मातीत लावू. आठवडाभर पाणी नाही, चोरूनसुद्धा नाही!"

"हा लाल दोरा कसला?"

"ती उन्हाकडची बाजू. तिथेही तीच उन्हाकडे ठेवायची, नाहीतर भाजतं बिचारं."

"मी राहायला यायच्या आधीच माझा पलंगही जुन्या घरातल्यासारखाच खिडकीशी लावलायस म्हणे."

"लेकाने चुगली केली वाटतं?"

"मी तर पलंगाबद्दल काही बोलले नव्हते गं."

"डोळे उघडल्या उघडल्या उजेडाकडे बघून हात जोडता, ते दिसतं की मला."

"देव तुझं भलं करो, पोरी. दे ते रोप इकडे, थोडे काटे मलाही बोचू देत."