काळ्या रंगाखालचं मीठ

रूपचंद : धुऊन झाली ना गाडी? मग चाबी द्या, कौतिकभाऊ. बाराच्या आत धुळ्याला पोचायचंय.

कौतिक : चाबी राहू द्या सर. गाडी आज इथंच ठेवा.

रूपचंद : इथंच? अहो, पहूरहून पहाटे निघालो. मळ्यातल्या चिखलानं तळ माखला होता, तो तेवढा धुऊन घ्यायला जळगावात थांबलो. सुलक्षणाला बाळंतपणाला घरी आणायचंय आज.

वच्छलाबाई : तिच्या सासूनं दिवस पाहून ठेवला शे भाऊ. आज नाही तर मग पुढचा आठवडा म्हने. तुम्ही काबरं अडवता?

कौतिक : ब्रेकच्या पाइपाले गंज लागला अक्का. धुता धुता दिसला.

रूपचंद : गंज? दिवाळीत तर तुम्हीच रॅम्पवर चढवून पाहिली होती. नव्यासारखा तळ आहे म्हणालात.

कौतिक : म्हनलो होतो.

रूपचंद : मग धुळ्यात दाखवतो कुणाला तरी. जावईबापूंच्या ओळखीचा मेकॅनिक आहे. तोवर चाळीसच्या वर नाही जात, मग तर झालं?

कौतिक : हळू चालवून काय उपेग सर? तुम्ही पाय दाबसान अन् पाइप फुटला, तर पेडल तसंच तळाले जाईन. गाडी थांबनार नाही. पुढं ट्रक, मागं ट्रक, अन् आत तुमची लेक...

वच्छलाबाई : शुभ बोला वो भाऊ! सातवा महिना शे पोरीले.

रूपचंद : अगं, काळजीपोटी बोलताहेत ते. दुसरा असता तर पैसे घेऊन मोकळा झाला असता. उगाच नाही मी आमच्या शाळेतल्या अर्ध्या शिक्षकांना यांच्याकडे पाठवलं. म्हटलं, माणूस सरळ आहे.

कौतिक : तसं नका बोलू सर.

रूपचंद : का? खरं तेच बोलतोय.

कौतिक : तुम्ही मले एवढं विचारा, की दिवाळीत नव्यासारखं होतं ते दोन महिन्यांत कसं सडलं.

रूपचंद : कसं सडलं?

कौतिक : तव्हाही सडलेलंच होतं. वरून काळा रंग होता. तो रंग मी मारला.

वच्छलाबाई : म्हंजे?

कौतिक : आखाजीले, अक्षय तृतीयेच्या मुहूर्ताले तुम्ही गाडी घेतली ना, त्याच्या आधी चार दिवस दलालानं ती इथं आणली. हिमाचलची गाडी. चार हिवाळे डोंगरात फिरलेली.

रूपचंद : ते मला सांगितलं होतं त्यानं. थंड हवेतली गाडी, इंजिन ताजं आहे म्हणाला.

कौतिक : इंजिन ताजं शे, ते खोटं नाही. पन तिकडं बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतो, मिठाचं पानी चाकानं उडून तळाले बसतं. सांध्यात शिरतं. मी रॅम्पवर चढवली तर पांढरा थर, कुठं कुठं बोटभर. अन् खाली तांबडं.

रूपचंद : मग धुतलं नाहीत तुम्ही?

कौतिक : धुतलं. चुकीचं धुतलं. ते मीठ काढाले दोन-तीन दिवस लागतात सर. साधं पानी, धार मंद, लांबून. भिजू द्यायचं. मग शाम्पूचा फेस, मऊ ब्रश, पुन्हा पानी. सांध्यासांध्यात पाइप घालून पानी सोडायचं, खारट चव जाईपर्यंत.

वच्छलाबाई : चव?

कौतिक : बोट लावून पाहतो मी अक्का. जिभेले कळतं. मग दोन दिवस वाळवायची, गंज खरडायचा, प्रायमर, अन् मग कोटिंग. असं केलं तर मूळ रंगाले धक्का लागत नाही. पन दलाल म्हने, संध्याकाळी गिऱ्हाईक पाहाले येतं. मग मी प्रेशर गन जवळ धरून मारली. मीठ निघालं थोडं, चांगला रंगच जास्त उडाला. अन् ओल्यावरच काळं मारून दिलं. मीठ आत कोंडलं.

रूपचंद : संध्याकाळचं गिऱ्हाईक म्हणजे आम्ही.

कौतिक : हो सर.

रूपचंद : तुम्ही इथंच उभे होता. मी तुम्हाला विचारलं होतं, भाऊ, तुम्ही रोज गाड्या पाहता, घेऊ का?

कौतिक : विचारलं होतं.

रूपचंद : काय म्हणालात?

कौतिक : घ्या म्हनलो.

वच्छलाबाई : मी पेढा दिला होता तुमच्या हातात.

कौतिक : खाल्ला नाही गेला अक्का. खोटं नाही सांगत. तव्हापासून तुम्ही आले की मी पैसे घेत नव्हतो, तुम्हाले वाटे मान देतो मास्तराले. मले वाटे, असं करून फिटीन. अन् दिवाळीत खाली दिसलं होतं मले. पुन्हा एक हात काळा मारला.

रूपचंद : दिवाळीनंतर आम्ही या गाडीनं कुठं कुठं गेलो, माहीत आहे तुम्हाला? पुतण्याच्या लग्नाला. आठ माणसं कोंबून. चार लेकरं होती.

कौतिक : मले शिव्या द्या सर.

रूपचंद : शिव्या देऊन काय होईल? मला त्या येतही नाहीत नीट.

कौतिक : माझ्या भावाची गाडी शे, आता बोलावतो. मी स्वतः घेऊन जातो तुम्हाले धुळ्याले.

वच्छलाबाई : नको. तुमच्या हातची गाडी आज नको. आम्ही यष्टीनं जाऊ. तिकडून जावईबापू आणतीन पोरीले, त्यांच्या गाडीनं.

(वच्छलाबाई गाडीतून डब्याची पिशवी आणि मुलीसाठी घेतलेली दुलई काढून घेतात.)

कौतिक : गाडी मी पुरी उघडून नीट करतो. पाइप नवे टाकतो, मेकॅनिकच्या हातून. तुम्ही त्यालेच विचारा, मले नका विचारू.

रूपचंद : त्यालाच विचारीन.

वच्छलाबाई : चला, साडेनऊची यष्टी जाईन.

रूपचंद : थांब जरा. कौतिकभाऊ, त्या दलालाची ही एकच गाडी रंगवली का तुम्ही?

कौतिक : तुमची यष्टी जाईन सर.

वच्छलाबाई : सर काय विचारतात, ऐकलं ना?

कौतिक : एकच नाही. आनखी तीन.

रूपचंद : कुणाकडे आहेत, ठाऊक आहे?

कौतिक : एक चोपड्याले. एक इथंच, पिंप्राळ्यात. अन् एक यावलले, प्रेमराज म्हनून शे. मोठी गाडी. शाळेची पोरं नेतो.

वच्छलाबाई : अरे देवा.

रूपचंद : नंबर आहेत?

कौतिक : आहेत. पन सर, काय सांगू मी त्यांले? दलाल मले धंदा करू देनार नाही. गावात तोंड...

वच्छलाबाई : आम्हाले सांगितलं तेच सांगा. आम्ही काय मारलं तुम्हाले?

रूपचंद : लावा फोन. साडेनऊची गेली तर दहाची मिळेल. मी बसतो इथं.

कौतिक : पहिले कोनाले लावू?

रूपचंद : ते मी सांगायला हवं?

कौतिक : ...हॅलो, प्रेमराजभाऊ? मी कौतिक, जळगावहून, वॉशिंगवाला. नाही, काम नाही काही. पोरं गाडीत शेत का आता? ...उतरवली? बरं झालं. मग ती गाडी शाळेपाशीच उभी राहू द्या भाऊ. मी येतो तिथं, तुमच्या तोंडापुढं सांगाचं शे.