आडवी झाली की दम लागते

बाईंच्या घरच्या मंडळींनो, आणि इथं जमलेल्या माझ्या मायबहिणींनो, भावांनो,

मी दिघोरीची वंदना. मले भाषण येत नाही. पण आपल्या डॉक्टर सुनंदाबाई गेल्या, त्यांच्याबद्दल आज नाही बोलली, तर कधी बोलू?

माझी पोरगी झाली, बाळंतपण नीट पार पडलं. घरी आली, आन् दम लागायले लागला. पाय सुजले. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीले अशक्तपणा राहतेच." मलेही तेच वाटलं.

पोरीले लस द्यायले मी आन् सासूबाई बाईंच्या दवाखान्यात गेलो. बाई पोरीच्या आधी माझ्याकडंच पाहत राहिल्या.

"वंदना, झोपते कशी?"

"भिंतीले टेकून, बाई. आडवी झाली की दम लागते."

बस. बाईंनी मले खुर्चीतून उठू दिलं नाही. पाठीले नळी लावून ऐकलं, ऑक्सिजन लावला, मशीनवर छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, अंगातलं पाणी उतरायची सुई दिली. सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, हा अशक्तपणा नाही. हिचं हृदय थकलं आहे. बाळंतपणानंतर कधीकधी होते असं. यात हिची चूक नाही, तुमचीही नाही."

माझ्यासोबत गाडीत बसून बाई नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आल्या. मी विचारलं, "बाई, मी मरते का?"

"माहीत नाही. पण मी इथंच आहे."

खोटा धीर नाही दिला बाईंनी. हात मात्र सोडला नाही.

तिथं मोठ्या मशीनवर हृदय तपासलं, तर बाईंचंच म्हणणं खरं निघालं. औषधानं मी हळूहळू सावरली. बाई फोन करत. पहिला प्रश्न काय? "पापड खाल्ला का?" मीठ कमी करायले सांगितलं होतं ना; खाल्ला असला की रागावत.

मग घरात दुसऱ्या बाळाची गोष्ट निघाली. घरच्यांसमोर मले नाही म्हणता येईना, म्हणून बाईंना फोनवर सांगितलं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत, चिखल तुडवत, बाई आमच्या घरी आल्या. आमच्यासंगं भात जेवल्या. म्हणाल्या, "आजी, पुन्हा दिवस गेले तर हिच्या हृदयाला झेपणार नाही."

 सासूबाईंनी बाईंच्या ताटात आणखी भात वाढला आन् म्हणाल्या, "मले सून पाहिजे." त्याच हिवाळ्यात आमच्या ह्यांनी स्वतःचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं.

ती पोरगी आज इथं बसली आहे. माझ्याहून उंच झाली.

आता बाईंसाठी थोडा वेळ शांत उभे राहू. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा. नाहीतर बाई रागावतील.