दारात सांडलेलं इंजिनाचं तेल

तुम्ही फरशीवरच्या डागाचं रडताय, मग माझ्या डागाचं ऐका. आम्ही झाशीला रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. यांनी दाराच्या बिजागरीला लावायला कामावरच्या इंजिन शेडमधून डबाभर इंजिनाचं तेल आणलं, कोणाला न विचारता, आणि दारातच सांडलं. त्यात तासाभरात साहेब क्वार्टर बघायला येणार!

"अगं, गेली माझी नोकरी," म्हणत हे खाटेवरच बसले.

"बसताय काय? चुलीतली राख आणा."

राखेनं बरंच तेल ओढून घेतलं. ती झाडून मी धुण्याचा सोडा टाकला आणि विटेच्या तुकड्यानं दारातल्या अंगणाचं सिमेंट घासत सुटले. हात सोलले, पण डाग गेला, आणि तेवढाच तुकडा लख्ख दिसायला लागला.

साहेब आले आणि नेमके तिथंच थांबले.

"बाईजी, यहाँ क्या गिरा था?"

मी म्हटलं, "कुछ नहीं साहब, यहाँ से धोना शुरू किया है."

साहेबांनी उरलेलं मळकट अंगण पाहिलं. "बढ़िया. लौटते में फिर देखेंगे."

नोकरी वाचली हो. पण साहेब परत येईपर्यंत अख्खं अंगण आम्ही दोघांनी घासलं, आणि मोठी वीट मी मुद्दाम यांच्या हातात दिली.