थोपटणारा हात

दुपारी दवाखान्याच्या बाकावर मला डुलकी लागत होती. शेजारच्या आजोबांकडे नोंदी करणारी मुलगी आली.

“आजोबा, डॉक्टरांनी नुसतं ‘कंप’ लिहिलंय. कुठला ते कळल्याशिवाय मला आजाराचा कोड नंबर टाकता येत नाही. हात काम करताना थरथरतो, की स्वस्थ असताना?”

“नातीच्या पाठीवर नुसता ठेवतो. थोपटायचं काम तो आपलं आपणच करतो.”

“म्हणजे स्वस्थ असताना. त्रास होतो?”

“तिला? छे. गाढ झोपते. सूनबाईनं थोपटलं तर टक्क जागी.”

“तुम्हाला विचारतेय.”

“चहा सांडतो. बटणं लागत नाहीत.”

“गोळ्यांनी थांबेल हळूहळू.”

“ती चालायला लागेपर्यंत गोळ्या नको म्हणावं डॉक्टरांना.”

“विचारते. आत्ता कुठंय ती?”

“घरी. जागीच असेल.”